बदामी पाणी

पोराने पिशवी टेबलावर ठेवली.
"हरला, आई. टाकूनच देणार होते."
पिशवीत दोन घोट पाणी
आणि तळाशी, कुशीवर पडलेली
एक निळी चिंधी.
तोंड उघडत होती, म्हणून मासा म्हणायचं.

तीस वर्षं या घरात प्लाकात होते.
जिन्याखाली, पडवीत, तांदळाच्या पिंपावर,
दारूच्या चपट्या बाटल्यांत एकेक,
मधे पुठ्ठा, नाहीतर काचेतूनच
एकमेकांच्या जिवावर उठायचे.
एकालाही मी कधी नावाने हाक मारली नाही.
माझ्या कानातल्या कुड्या ज्याच्यावर गेल्या
तो लाल होता, इतकंच आठवतं,
आणि साम्रुआय नाखोन चैसीहून चालत आला होता,
खिशात बसचं भाडंही नव्हतं.

आता साम्रुआयचा उजवा हात
मांडीवर पडलेला असतो, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.
जीभही अर्धी गेली.
त्याने पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
मी म्हटलं, माझ्याकडे बघू नकोस.

रात्री उठले ती लघवीला.
येताना दिवा लावला.
मासा वर यायला धडपडत होता.
हा पाण्यातला जीव, पण श्वासाला
त्याला वरच यावं लागतं,
आणि बरणीतलं वीतभर पाणी
त्याला ताड झालं होतं.
मी अर्धं पाणी ओतून दिलं.
तेवढंच. तिथेच फसले.

सकाळी देवळामागून बदामाची पानं आणली,
गळालेली, तांबडी, कडकडीत वाळलेली.
भिक्खू झाडत होता, त्याने काही विचारलं नाही.
नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलेलं,
त्यात एक पान, चिमूटभर मीठ,
जाडं, मिठागरातलं, पाकिटातलं नव्हे.
मला हे कुणी शिकवलं?
कुणीच नाही. तीस वर्षं भात वाढताना
डोळे नको म्हणत होते ते
हातांनी जपून ठेवलं होतं.
दुपारपर्यंत पाणी कोऱ्या चहासारखं झालं.

माझं चुकलं की साम्रुआय डावं बोट आपटतो.
एकदा: पाणी गार आहे.
दोनदा: सगळं एकदम बदलू नको, मूर्ख बाई.
"मूर्ख बाई" मी जोडलं,
पण तो हेच म्हणाला असता.

तिसऱ्या दिवशी एक डोळा पांढरा झाला.
पाचव्या दिवशी शेपटीची कड काळी पडत आली.
मी कुंडीखालच्या ताटलीतून डासांच्या अळ्या वेचल्या,
दाभणाच्या टोकावर त्याच्या तोंडापुढे धरल्या.
खाईना.
मग त्याला शिव्या घातल्या,
त्या लाल माशासाठी ठेवलेल्या, न वापरलेल्या, ताज्या.
एक अळी गेली. मग दुसरी.
साम्रुआयला पेज भरवते ती अशीच.

महिन्याने फाटक्या कडेला काहीतरी आलं.
रंग नव्हता त्याला.
ऊन तिरपं पडलं तरच दिसायचं,
कांद्याच्या आतल्या पापुद्र्याएवढं.
पोरगा वाकून बघत म्हणाला,
"भरून येतंय की! अजून दोन महिन्यांत हा..."
आणि थांबला.
मी मासाच चिरत होते, जेवणातला.
सुरी नुसती वर धरली.

काल संध्याकाळी पुठ्ठा सरकला.
शेजारच्या घासलेल्या किटलीत
त्याला कुणीतरी दिसलं, निळं, एका डोळ्याचं.
गालफडं फुगवून तो उभा राहिला,
तो बिनरंगी काठसुद्धा ताणून.
साम्रुआयचं बोट टेबलावर वाजलं.
एकदा. दोनदा. तीनदा.
तीनदाचा अर्थ आमच्यात ठरलेला नव्हता.

किटली मी लगेच उचलली नाही.
पाच श्वास मोजले,
त्याचे की माझे, सांगता येणार नाही.
मग उचलली. चहा टाकला.